दोन वह्यांचा मेळ

ज्या घरीं दोन माणसें दोन वह्या लिहितात, त्या घरीं वर्षांतून एकदां तरी त्या वह्या शेजारीं-शेजारीं मांडून पाहण्याचा प्रसंग येतोच. पूर्वीं हें काम दिवाळीच्या सुमारास होई. एकानें आपल्या खतावणींतील रकमा मोठ्यानें वाचाव्या, दुसऱ्यानें आपल्या खतावणीवर बोट ठेवून 'आहे', 'आहे' म्हणत जावें, आणि जेथें बोट अडखळेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी. हल्लीं वहीची जागा संगणकानें घेतली आहे, आणि बोटाची जागा 'स्क्रिप्ट' नांवाच्या दहा-पंधरा ओळींच्या आज्ञापत्रानें. संगणक अडखळत नाहीं, ही त्याची थोरवी म्हणून सांगतात. आमच्या मतें ह्या विशिष्ट कामांत तोच त्याचा दोष आहे. माणसाचें बोट जेथें थांबलें असतें तेथून तो सरळ पुढें निघून जातो आणि 'सर्व ठीक' म्हणून कळवितो. तो कोठें थांबत नाहीं, आणि त्याला थांबावयास कसें लावावें, एवढाच ह्या महिन्याचा आमचा विषय आहे.

रोजकीर्द आणि खतावणी ह्यांतील भेद आमच्या वडील पिढीच्या वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. धाकट्यांसाठीं एक वाक्य पुरे: रोजकीर्दींत ज्या क्रमानें पैसा आला-गेला त्या क्रमानें नोंदी असतात, आणि खतावणींत त्याच नोंदी खातेवार लावलेल्या असतात. पर्ल नांवाची जी संगणकाची भाषा आहे, तींत हुबेहूब खतावणीसारखी एक वस्तु आहे. तिला 'हॅश' म्हणतात. डावीकडे खात्याचें नांव, त्याला 'की' म्हणजे किल्ली असें म्हणावयाचें. उजवीकडे रक्कम, ती 'व्हॅल्यू' म्हणजे मूल्य. किल्ली लावली कीं मूल्य हातीं येतें.

ही भाषा लॅरी वॉल ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९८७ च्या डिसेंबरांत प्रथम लोकांपुढें ठेवली. वॉल हे भाषाशास्त्राचे अभ्यासक. त्यामुळेंच कीं काय, तिच्यांत एकवचन आणि अनेकवचन निरनिराळ्या चिन्हांनीं दाखविण्याची व्यवस्था आहे. ह्या खतावणीस तेथें आधीं 'असोसिएटिव्ह ॲरे' असें भारदस्त नांव होतें. पुढें 'हॅश' हें आंखूड नांव रूढ झालें. इंग्रजींत हॅश म्हणजे बारीक चिरणें. आतां हिशेबाच्या वहींत विळी कोठून आली, तें पाहण्यासारखें आहे.

समजा, आठ खणांचें एक कपाट आहे. (पर्लचें कपाटही आरंभीं आठच खणांचें असतें, माल वाढला कीं खण दुप्पट करतात.) 'घरपट्टी' ही नोंद कोणत्या खणांत ठेवावयाची, हें ठरविण्यासाठीं यंत्र त्या शब्दाचीं अक्षरें चिरतें, कोचतें, कालवतें आणि त्यांतून एक संख्या काढतें, ती संख्या ज्या खणाकडे बोट दाखवील त्यांत नोंद जाते. पुढें कोणी 'घरपट्टी' विचारली कीं पुन्हां तेंच चिरणें, तीच संख्या, तोच खण. सगळें कपाट उपसावें लागत नाहीं. ही युक्ति आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून ह्यांनीं १९५३ सालीं टिपून ठेवलेली आढळते. बँकेच्या कार्डावरील क्रमांक खरा कीं चुकीचा लिहिला, हें ज्या गणितानें ताडून पाहतात, तें गणितही लून ह्यांचेंच.

परंतु ह्या सोयीची किंमत द्यावी लागते. कपाटांतील नोंदींना पहिली, दुसरी असा क्रम राहत नाहीं. २००३ सालीं ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठांतील स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक ह्यांनीं असें दाखवून दिलें कीं, कोणी दुष्ट मनुष्यानें मुद्दाम निवडून काढलेलीं हजारों नांवें एकाच खणांत जाऊन पडतील अशी व्यवस्था केली, तर मोठें यंत्रही त्या एका खणांत चांचपडत बसतें. तेव्हां पर्लच्या कर्त्यांनीं चिरण्याच्या कृतींत थोडी सोडत मिसळली, आणि २०१३ च्या ५.१८ ह्या आवृत्तीपासून तर तीच स्क्रिप्ट दोनदां चालविली तरी नोंदी दोनदां निराळ्या क्रमानें बाहेर येतात. म्हणून ह्या वहीची पहिली ओळ त्या वहीच्या पहिल्या ओळीशीं ताडण्याचा विचारच सोडला पाहिजे. मेळ घालावयाचा तो नांवाशीं नांव लावूनच.

उदाहरणादाखल आपण एक घर कल्पूं. थोरले बंधु पुण्यास, धाकटे दापोलीकडे वडिलार्जित वाडी सांभाळतात, आई थोरल्यांकडे. मिळकत आणि सामाईक खर्च अद्यापि एकत्र. दोघेही आपापल्या ठिकाणीं सामाईक खर्चाची यादी संगणकावर ठेवतात, आणि थोरल्यांच्या सूनबाई, ज्या संगणकाच्याच नोकरींत आहेत, त्यांच्याकडे मेळ घालण्याचें काम येतें. थोरल्यांच्या वहींत घरपट्टी ४२००, विहिरीची दुरुस्ती १८५००, गणपतीचा उत्सव ९६००, सुपाऱ्या ७३५०, आईचें औषधपाणी ११२४० आणि नारळविक्री ० अशीं सहा खातीं. धाकट्यांच्या वहींत घरपट्टी, उत्सव व सुपाऱ्या त्याच रकमांनीं. विहिरीची दुरुस्ती मात्र १५८००. आणि देवघराचें छप्पर २२०००. औषधपाणी आणि नारळविक्री हीं खातीं त्यांच्याकडे नाहींत.

आतां जी स्क्रिप्ट कोणासही प्रथम सुचेल ती अशी: थोरल्यांच्या वहींतील एकेक किल्ली घे, ती धाकट्यांच्या वहीस लाव, दोन रकमा सारख्या नसतील तर कळव. मराठींत सांगितलें तर ह्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं. चालविली कीं ती दोन ओळी छापते. विहिरीच्या दुरुस्तींत फरक. आणि आईच्या औषधपाण्यांत फरक, इकडे ११२४०, तिकडे शून्य.

ही दुसरी ओळ वाचून थोरल्यांच्या मनांत काय येईल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. आईच्या औषधाला भावानें शून्य लिहिलें! एकत्र कुटुंबांत ह्याहून किती लहान गोष्टीवरून चुली वेगळ्या झालेल्या आपण सर्वांनींच पाहिल्या आहेत. पण सूनबाई हुशार आहेत. त्या म्हणतात, "काकांनीं शून्य लिहिलेलें नाहीं, मामंजी. त्यांच्या वहींत तें खातेंच नाहीं. शून्य पर्लनें लिहिलें."

आणि हेंच खरें आहे. खतावणींत नसलेलें खातें विचारलें असतां पर्ल 'नाहीं' असें ठणकावून सांगत नाहीं; ती 'अनडेफ' नांवाची एक पोकळी हातीं देते. ती पोकळी दुसऱ्या संख्येशीं ताडूं गेलें कीं तिचें मुकाट्यानें शून्य होतें. इशारे देण्याची सोय चालू ठेवली असेल तर यंत्र थोडें कुरकुरतें खरें. पण पुष्कळ लोक ती कुरकूर नको म्हणून सोयच बंद ठेवतात, आणि आमच्या मतें ही धुराचा त्रास होतो म्हणून चुलीकडे न पाहण्यासारखी गोष्ट आहे.

औषधपाण्याच्या बाबतींत निदान खोटा कां होईना, बोभाटा तरी झाला. नारळविक्रीच्या बाबतींत तोही झाला नाहीं. थोरल्यांकडे शून्य, धाकट्यांकडे खातें नाहीं, म्हणजे पोकळी, म्हणजे शून्य, शून्य बरोबर शून्य, सर्व ठीक! आणि देवघराच्या छपराचे २२००० तर ह्या स्क्रिप्टच्या दृष्टीसही पडले नाहींत. कारण तिनें किल्ल्या घेतल्या त्या केवळ थोरल्यांच्या वहींतून. जें धाकट्यांनींच लिहिलें, तें विचारावें असें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें. दोन वह्यांतील सर्वांत मोठी रक्कम अशी शब्दही न निघतां बाजूला राहिली.

तेव्हां मेळ घालण्याचा प्रश्न आपण समजतों तसा एक नसून, तो एकावर एक रचलेला प्रश्न आहे. आधीं विचारावयाचें, हें खातें ह्या वहींत आहे काय? मग, त्या वहींत आहे काय? दोन्हींकडे असेल तरच, आणि तेव्हांच, रक्कम सारखी आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांसाठीं पर्लमध्यें 'एक्झिस्ट्स' हा शब्द आहे. त्याचा एक जुळा भाऊ 'डिफाइन्ड'. ह्या दोघांत घोटाळा करूं नये. रक्कम मागाहून भरूं म्हणून आपण कधीं खात्याचें नांव लिहून समोरची जागा कोरी ठेवतों. तेथें खातें आहे, म्हणून 'एक्झिस्ट्स' हो म्हणतो. रक्कम नाहीं, म्हणून 'डिफाइन्ड' नाहीं म्हणतो. खातेंच नसणें, खातें असून रक्कम कोरी असणें, आणि रक्कम शून्य असणें ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कुळकर्ण्याच्या दप्तरांत ह्या तिहींचा घोटाळा झाला असता तर त्याची वतनदारी गेली असती.

किल्ल्याही एकाच वहींतून न घेतां दोन्हींतून घ्याव्या. ह्यासाठीं एक तिसरी वही उघडावयाची, तींत दोन्ही वह्यांतील सर्व नांवें टाकावयाचीं, रकमा कांहींही असोत. एका वहींत एक नांव एकदांच राहूं शकतें, म्हणून जीं दोन्हींकडे आहेत तीं आपोआप एकवार होतात. मग हीं नांवें अकारविल्हे लावून एकेक दोन्हींकडे विचारीत जावें. उत्तरांचे चार ढीग पडतात: जुळलेलीं, रक्कम निराळी असलेलीं, केवळ इकडचीं, केवळ तिकडचीं. हे चारही छापून घ्यावे, आणि शेवटचे दोन आधीं वाचावे. रकमेंतील फरक केव्हांना केव्हां कोणाच्या तरी नजरेस येतोच. जें लिहिलेंच नाहीं तें वर्षानुवर्षें कोणासही दिसत नाहीं. पर्लबरोबर परीक्षा घेण्याचें जें तयार साहित्य मिळतें, त्यांत दोन खतावण्या सर्वस्वीं सारख्या आहेत कीं नाहींत हें एका शब्दांत सांगणारी सोयही आहे. ती पहिला फरक दाखवून थांबते. कारागिराला तेवढें पुरतें. घराला पुरत नाहीं.

कामाच्या वेगाची काळजी नको. तीनशें खात्यांच्या दोन वह्या प्रत्येकाशीं प्रत्येक ताडून पाहिल्या तर ९०,००० वेळां पाहावें लागेल. किल्ली लावून पाहिल्यास फार तर सहाशें नांवें, आणि प्रत्येकाचा खण ठरलेला.

आतां 'सारखी' म्हणजे काय, ह्याकडे वळूं. कारण मराठी घरांत खरी मेख येथें आहे. पर्लमध्यें सारखेपणा विचारण्याच्या दोन रीती आहेत. दोन बरोबर-चिन्हें जोडून लिहिलीं तर ती संख्या म्हणून ताडते. 'ईक्यू' असें लिहिलें तर अक्षर-अक्षर ताडते. धाकट्यांनीं घरपट्टी '४२००.००' अशी लिहिली असेल, तर संख्या म्हणून ती ४२०० शीं जुळते, अक्षरें म्हणून जुळत नाहीं. उलट, रकमेच्या जागीं 'रोख' आणि 'उधार' असे शब्द असले आणि ते संख्या म्हणून ताडले, तर दोहोंचेंही शून्य होऊन रोख व उधार सारखेच ठरतात! कोणत्या खात्यांत संख्या आहे आणि कोणत्यांत शब्द, हें यंत्र जाणत नाहीं. तें लिहिणाऱ्यानें सांगावयाचें असतें.

ह्याहून मोठा खड्डा आपल्या आंकड्यांचा. १, २, ३ असे देवनागरी आंकडे पर्ल वाचूं शकते, दाखवूं शकते, इतकेंच नव्हे तर 'हा आंकडा आहे काय' असें नमुना लावून विचारलें तर 'होय' म्हणते. परंतु त्यांनीं लिहिलेली रक्कम बेरजेस किंवा तुलनेस घेतली कीं तिचें शून्य होतें. संख्या म्हणून तिला फक्त इंग्रजी वळणाचे आंकडे ठाऊक. परिणाम असा कीं, दोघां भावांनीं अभिमानानें देवनागरी आंकड्यांत वह्या ठेवल्या, तर विहीर, उत्सव, घरपट्टी, सर्वांची रक्कम शून्य, आणि दोन्हींकडे असलेलें प्रत्येक खातें जुळलेलें! ह्यावर देवनागरी आंकडे सोडणें हा उपाय नव्हे. वही वाचून घेतांनाच दहा आंकड्यांच्या जागीं दहा आंकडे बदलून घेण्याची एक ओळ घातली कीं झालें.

स्वल्पविरामही तितकाच घातक. इंग्रजी आंकड्यांतही रक्कम स्वल्पविराम देऊन लिहिली, तर पर्ल त्या स्वल्पविरामापाशीं थांबते आणि मागचें सोडून देते. एकानें ९,६०० आणि दुसऱ्यानें ९,८५० लिहिलें, तर दोन्ही ९, फरक नाहीं. म्हणून स्वल्पविराम आधीं काढून टाकावे. पैशांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. दशांश अपूर्णांक यंत्राच्या पोटांत नेमके मावत नाहींत. दहा पैसे आणि वीस पैसे रुपयांच्या अपूर्णांकांत मिळविले तर ते तीस पैशांशीं जुळत नाहींत, असें तें खुशाल सांगतें. रकमा पैशांत, पूर्णांकांत ठेवाव्या.

रकमांचें झालें, किल्ल्यांचें राहिलें. सूनबाईंनीं चार ढिगांची स्क्रिप्ट लिहिली, आंकडे बदलले, स्वल्पविराम काढले, आणि छापून पाहतात तों 'केवळ पुण्यास' ह्या ढिगांत सुपाऱ्या, आणि 'केवळ कोंकणांत' ह्याही ढिगांत सुपाऱ्या! रक्कम तीच, ७३५०. शब्द डोळ्यांस तोच. मग यंत्राला तो निराळा कां दिसावा?

ह्याचें कारण आपल्या 'ऱ्या' ह्या जोडाक्षरांत आहे. संगणकांत प्रत्येक अक्षरास क्रमांक दिलेला असतो. हा अर्धा र लिहिण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. एक मार्ग असा कीं, 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर घ्यावें आणि त्यास हलन्त करून या जोडावा. दुसरा असा कीं, साधा 'र' घ्यावा, त्यास हलन्त करावें, मग एक अदृश्य जोडचिन्ह घालावें आणि नंतर या. कागदावर दोन्हींचा 'ऱ्या' एकच. थोरल्यांच्या संगणकावरील टंकपट पहिल्या मार्गाचा, धाकट्यांच्या भ्रमणध्वनीवरील दुसऱ्या मार्गाचा असला, कीं चिरणाऱ्या यंत्रापुढें दोन निराळ्या भाज्या येतात आणि त्या निराळ्या खणांत जातात. वऱ्हाड, कऱ्हाड, दऱ्या, पायऱ्या, सर्वांची हीच कथा. तिसराही एक मार्ग आहे, र खालीं नुक्ता देऊन ऱ करण्याचा. त्याची आणि पहिल्याची एकवाक्यता करून देणारें साधन पर्लबरोबर येतें. पण तें अदृश्य जोडचिन्हास हात लावीत नाहीं. तेवढें आपण स्वतः बदलून घ्यावें लागतें. शब्दाच्या शेवटीं चुकून राहिलेली मोकळी जागाही असाच चकवा देते, आणि तीही दिसत नाहीं.

दोन खबरदाऱ्या आणखी. रोजकीर्दींतून खतावणी उतरतांना एकाच नांवाच्या दोन नोंदी असतील, तर नुसतें लिहीत गेल्यास मागली रक्कम पुसून पुढली तिच्या जागीं बसते. विहिरीसाठीं आधीं १२००० आणि नंतर ६५०० दिले असतील, तर वहींत ६५०० च राहतील. तेथें लिहावयाचें नसून मिळवावयाचें असतें. दुसरी खबरदारी जरा चमत्कारिक आहे. खात्याच्या पोटांत महिनेवार पोटखातीं असतील, आणि 'छप्पर ह्या खात्यांत ज्येष्ठ महिना आहे काय' असें आपण विचारलें, तर पर्ल 'ज्येष्ठ नाहीं' असें खरें उत्तर देते. पण उत्तर देतां देतां, आधीं मुळींच नसलेलें 'छप्पर' हें खातें त्या वहींत उघडून ठेवते! नुसत्या चौकशीनें दुसऱ्याच्या दप्तरांत नवें पान जन्मास येतें, आणि पुढच्या खेपेस विचारलें तर खातें आहे असें उत्तर मिळतें. म्हणून आधीं मोठें खातें आहे काय हें निराळें विचारावें, आणि असेल तरच पोटखात्याकडे वळावें. एकाच थराच्या वहीस हा धोका नाहीं.

हें सर्व केल्यावर त्या घराचा कागद असा निघाला. जुळलेलीं: घरपट्टी, गणपतीचा उत्सव, सुपाऱ्या. रक्कम निराळी: विहिरीची दुरुस्ती, फरक २७००. जुन्या कारकुनांस ठाऊक असलेला ठोकताळा येथें उपयोगी पडतो: लिहितांना शेजारचे दोन आंकडे उलटेपालटे झाले, तर फरकास नवानें निःशेष भाग जातो. २७०० ला जातो. १८५ चे १५८ झाले असावे. कोणते खरे, हें गवंड्याची पावती सांगेल, स्क्रिप्ट सांगणार नाहीं. केवळ कोंकणांत: देवघराचें छप्पर, थोरल्यांना त्याची वार्ताच नव्हती. केवळ पुण्यास: आईचें औषधपाणी, जें धाकट्यांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि नारळविक्री. थोरल्यांनीं तेथें शून्य लिहिलें तें पैसे आले नाहींत म्हणून. धाकट्यांनीं खातेंच उघडलें नाहीं तें आडत्यानें अजून पैसे चुकते केले नाहींत म्हणून. नारळ किती गेले आणि आडत्याकडे किती येणें आहे, हें दोघांपैकीं कोणाच्याही वहींत नव्हतें. तें विचारण्यासाठीं त्याच रात्रीं दापोलीस टेलिफोन झाला.